फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन: कुकीच्या कटकटीवर फुकटातला इलाज, वापरून सांगतेय

ज्यांना अख्खं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते: कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी पुरवणी) टाका, पैसे शून्य, त्रास निम्म्याहून कमी. पण हे टाकलं म्हणजे आता आपल्याला कोणी बघतच नाही असं समजून हुरळून जाऊ नका, का ते खाली येईलच.

मुळात त्रास काय ते बघा. कुठलीही बातम्यांची साइट उघडा, बातमी चार ओळींची आणि तिच्या आजूबाजूला जाहिराती, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, "नोटिफिकेशन पाठवू का", आणि या सगळ्यावर कुकीची, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्याशा नोंदीची, परवानगी मागणारी पट्टी. आपल्याकडच्या बऱ्याच साइटवर तर "नको" म्हणायची सोयच नसते, फक्त "ओके", म्हणजे विचारायचं नाटक करायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं! युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींना निदान नको म्हणायचं बटण मिळतं, पण तेही काही साइटवाल्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून नाही. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नाही असं युरोपच्या कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला, कारण काय तर "हो" म्हणायला एक क्लिक आणि "नाही" म्हणायला चार ठिकाणी हिंडा. आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ ला पास झालाय, पण तो जमिनीवर उतरेपर्यंत थांबायची माझी तरी तयारी नव्हती.

आता कुकी म्हणजे सरसकट वाईट असंही नाही हं. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली नावाच्या इंजिनिअरने ही युक्ती काढली, कारण वेबसाइटला काहीच लक्षात राहत नव्हतं, एका पानावर टोपलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेलं की गायब. लॉगिन टिकतं, भाषा मराठी ठेवली तर मराठीच राहते, हे सगळं कुकीमुळेच. घोडं पेंड खातं ते थर्ड पार्टी कुकीपाशी. म्हणजे तुम्ही बातमीच्या साइटवर असता, पण त्या पानात एखाद्या जाहिरात कंपनीचा तुकडा असतो, तो त्याची स्वतःची कुकी ठेवतो, मग तुम्ही रेसिपीच्या साइटवर जाता, तिथंही त्याच कंपनीचा तुकडा, तो जुनी कुकी बघतो आणि म्हणतो अरे हीच ती मघाची. नाव माहीत नसेल पण सवयी सगळ्या माहीत. मी घरघंटी बघत होते, एक एचपीची घ्यावी की दीड, तर त्यानंतर ती घरघंटी क्रिकेटच्या स्कोअरपासून पंचांगापर्यंत जिथं जाईन तिथं हात धुऊन मागे लागली. घेऊन झाली तरी जाहिरात चालूच. एका घरात किती घरघंट्या लागतात बाबा?

फायरफॉक्स यावर काय करतं? जून २०२२ पासून कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्समध्ये टोटल कुकी प्रोटेक्शन सगळ्यांना आपोआप चालू आहे. प्रत्येक साइटला तिचा वेगळा डबा, एका साइटवर असताना ठेवलेली कुकी दुसऱ्या साइटवर गेल्यावर दिसत नाही, मग तो जाहिरातवाला दोन्हीकडे असला तरी त्याला तुम्ही दोन वेगळ्या बायका वाटता. कुकी पुसून टाकायचीही गरज नाही, त्यामुळे लॉगिन वगैरे सहसा बिघडत नाही, हे मला फार आवडलं.

यूब्लॉक ओरिजिन त्याच्या पुढची पायरी. रेमंड हिल नावाच्या माणसाने २०१४ मध्ये हे सुरू केलं, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघू शकतं, आणि तो देणगीसुद्धा घेत नाही. (नाव नीट बघून घ्या, नुसतं "यूब्लॉक" नावाचं एक वेगळंच आहे, ते याचं नाही.) हे काय करतं तर ट्रॅकरच्या, म्हणजे आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या त्या तुकड्यांच्या, सर्व्हरकडे जाणारी मागणीच अडवतं, तुकडाच आला नाही तर कुकी कोण ठेवणार. एका पानावर त्याच्या आयकॉनवर टिचकी मारून "मोअर" दाबा आणि खाली येणारी यादी बघाच एकदा. साइटचं स्वतःचं नाव एक, आणि बाकी गुगल टॅग मॅनेजर, डबलक्लिक, तबूला, क्रिटिओ, असली नावं एकाखाली एक. बातमी गावच्या पाणीपुरवठ्याची आणि वाचायला एवढी मंडळी हजर! आपल्या बघण्यावर कोण कोण बसलंय हे डोळ्याने दिसतं.

पट्ट्यांचा वैताग घालवायचा तर त्याच्या सेटिंगमध्ये फिल्टर लिस्ट्स हा टॅब आहे, तिथं कुकी नोटिसेसवर टिक करा आणि अप्लाय दाबा, ही यादी आपोआप चालू नसते. याने बहुतेक वेळा पट्टी फक्त लपते, तुमच्या वतीने हो-नाही काही सांगितलं जात नाही. क्वचित असं होतं की पट्टी गेली पण मागचं पान गोठलेलंच, सरकतच नाही. आणि पैशांच्या व्यवहारात थोडं सांभाळून, एका बँकेच्या पेमेंटच्या पानावर मला ओटीपीचा चौकोनच दिसेना, तेव्हा यूब्लॉकचं ते मोठं पॉवरचं बटण दाबून त्या साइटपुरतं बंद केलं, पान रिफ्रेश केलं, झालं काम. घरातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर टाकून देणार असाल तर हे बटण त्यांना आधी दाखवून ठेवा नाहीतर फोन तुम्हालाच येणार.

आता "आमच्या क्रोममध्ये का नको" असं विचारणाऱ्यांसाठी. क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला, आणि २०२५ पर्यंत मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथं बंदच पडलं, आता त्याचा लाइट अवतार मिळतो, चालतो बरा पण हात बांधलेले. आणि थर्ड पार्टी कुकीचं म्हणाल तर गुगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत बंद करू, मग तारीख पे तारीख, जुलै २०२४ मध्ये बंद करायचा बेतच सोडला, वापरणाऱ्यालाच विचारू म्हणाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये सांगून टाकलं की त्यासाठी वेगळा प्रश्नसुद्धा विचारणार नाही. जाहिरातीवर पोट असलेल्याकडून वेगळी अपेक्षा तरी काय करायची म्हणा.

पण फायरफॉक्सवालेही काही संत नाहीत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कमाईतला मोठा वाटा गुगलकडूनच येतो, सर्चमध्ये गुगल आधीपासून ठेवण्याबद्दल. आणि जुलै २०२४ च्या १२८ व्हर्जनमध्ये त्यांनी जाहिरातींचं मोजमाप करणारी एक सोय न विचारता चालू करून दिली होती, त्यावरून युरोपात तक्रारही झाली. म्हणून मी याला पैकीच्या पैकी देत नाही, पाचात चार.

शिवाय काही गोष्टी या जोडीच्या हातातच नाहीत. तुम्ही लॉगिन करून बसलात तर त्या कंपनीला कुकीची गरजच काय, नावानिशी माहिती आहे. आईच्या मोबाईलमध्ये माझंच गुगल अकाउंट घातलंय, त्यामुळे माझ्या घरघंटीचा पत्ता तिच्या यूट्यूबला लागला आणि तिने फोन करून विचारलं की तुला चक्की कशाला हवी गं. दुकानात बिलाच्या वेळी मोबाईल नंबर सांगतो तेही तसंच. दुसरं म्हणजे फिंगरप्रिंटिंग, स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड असं सगळं जुळवून कुकीशिवायच मशीन ओळखायचं. फायरफॉक्स ओळखीच्या अशा स्क्रिप्ट अडवतं, पण सगळ्या नाही. तुमचा ब्राउझर किती उठून दिसतो ते बघायचं तर ईएफएफ या संस्थेची कव्हर युअर ट्रॅक्स नावाची फुकट चाचणी आहे, एकदा करून बघा.

आणि मोबाईलवरची अॅप या सगळ्याच्या बाहेर, ती ब्राउझरमधून जातच नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गुगल, मग अॅड्स, तिथं अॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले ज्यावरून तुमचा फोन ओळखतात तो नंबर) डिलीट करायची सोय आहे, ती करून टाका.

आयफोनवाल्यांनी मात्र फायरफॉक्स टाकायच्या भानगडीत पडू नका, तिथल्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक घालता येत नाही. सफारी मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकी आपोआपच अडवतं, आणि आता त्यासाठी यूब्लॉक ओरिजिन लाइटही अॅप स्टोअरवर आलंय, तेवढं घाला.