एलियन: आरपीएमचे डेब करून देणारे साधन, कामाचे पण बेताचे

पुण्याच्या पेठांमधील लहान छापखान्यांत आणि कार्यालयांत जुन्या संगणकांवर डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणाली बसवून देण्याचे काम मी करतो, आणि तेथे लिनक्सचा खरा कस लागतो तो प्रिंटरपाशी. नारायण पेठेतील एका छापखान्यात आलेल्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा कार्यक्रम, उत्पादकाने केवळ आरपीएम पॅकेजच्या स्वरूपात, रेड हॅट आणि फेडोरा या लिनक्स प्रणालींच्या कुळासाठी, दिला होता. डेबियनला मात्र डेब पॅकेज (कार्यक्रम बसवण्याची फाइल) लागते. त्यासाठी मी ‘एलियन’ वापरले. क्रिस्टोफ लामेटर यांनी सुरू केलेले आणि पुढे जोई हेस यांनी दीर्घकाळ सांभाळलेले, पर्ल भाषेतील हे साधन डेबियनच्या अधिकृत भांडारातच मिळते.

वापर अगदी सोपा आहे. रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने आज्ञा देऊन पुढे फाइलचे नाव लिहिले की त्याच फोल्डरमध्ये डेब तयार होते. नव्या पॅकेजच्या आवृत्ती क्रमांकात एलियन स्वतःहून एकाची भर घालते, याचे प्रथम आश्चर्य वाटते. मूळ क्रमांक हवा असल्यास तसा पर्याय द्यावा लागतो. छापखान्यातील प्रिंटर या ड्रायव्हरवर व्यवस्थित चालू लागला, कारण छपाई सांभाळणारी ‘कप्स’ ही सेवा आपले फिल्टर (मजकूर प्रिंटरला समजेल असा करून देणारे कार्यक्रम) दोन्ही कुळांत एकाच जागी शोधते आणि त्यामुळे फाइली जेथे हव्या तेथेच पडल्या.

एलियन फाइली इकडून तिकडे नेते, नाती नेत नाही, आणि तिची खरी मर्यादा हीच आहे. मूळ पॅकेजला कोणती लायब्ररी (अनेक कार्यक्रमांना लागणारा सामायिक भाग) लागते याची नोंद नव्या पॅकेजात भरवशाने उतरत नाही, आणि ती उतरली तरी फारसा उपयोग नसतो, कारण फेडोरात जे ‘ओपनएसएसएल-लिब्स’ या नावाने ओळखले जाते ते डेबियनमध्ये वेगळ्याच नावाने नांदते. परिणामी पॅकेज विनातक्रार बसते आणि कार्यक्रम मात्र सुरू होत नाही. अशा वेळी ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून कोणती लायब्ररी सापडत नाही ते पाहावे आणि ती भांडारातून स्वतः बसवावी. लायब्ररी असलेली पॅकेजे आणखी त्रास देतात: फेडोरा त्या ‘लिब६४’ फोल्डरमध्ये ठेवते, तर डेबियनची रचना निराळी आहे.

पॅकेज बसवताना चालणाऱ्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या छोट्या फाइली) एलियन सांगितल्याशिवाय सोबत घेत नाही, आणि हा सावधपणा मला योग्य वाटतो. दुसऱ्या प्रणालीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट रूट अधिकाराने आपल्या संगणकावर चालवण्यापूर्वी ती ‘आरपीएम’ आज्ञेने उघडून वाचणे इष्ट. आमच्या ड्रायव्हरच्या स्क्रिप्टमध्ये छपाईसेवा पुन्हा सुरू करण्यापलीकडे काही नव्हते, तेव्हा ते काम मी हातानेच केले. सी लायब्ररी किंवा संगणक सुरू करणारी यंत्रणा यांसारखी पॅकेजे एलियनने बदलून बसवू नयेत, असे तिच्या माहितीपत्रकातच बजावले आहे.

फाइली नुसत्या उकलून योग्य जागी टाकण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण डेबियनची पॅकेजे बसवणारे डीपीकेजी प्रत्येक फाइलची नोंद ठेवते आणि नको असलेला ड्रायव्हर एका आज्ञेत स्वच्छ निघतो. मात्र त्याची सुधारित आवृत्ती एप्टमार्फत, म्हणजे भांडारातून पॅकेजे आणणाऱ्या डेबियनच्या साधनामार्फत, कधीच येत नाही. ती उत्पादकाकडून स्वतः आणून पुन्हा बदलावी लागते. म्हणूनच मोठ्या डेस्कटॉप कार्यक्रमांसाठी फ्लॅटपॅक (वेगवेगळ्या लिनक्स प्रणालींवर चालणारे पॅकेज) उपलब्ध असेल तर एलियनच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

एलियनसोबत पॅकेज बांधण्याची बरीच सामग्रीही उतरते, त्यामुळे एलियन प्रत्येक संगणकावर बसवू नये. एकाच यंत्रावर डेब तयार करून, त्याच डेबियन आवृत्तीच्या उरलेल्या संगणकांवर पेनड्राइव्हने न्यावे.