‘विदिन यू विदाउट यू’साठी घेतलेला अल्बम

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या १९६७ च्या अल्बमला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने मे २०१७ मध्ये निघालेली दोन सीडींची आवृत्ती मी मुख्यतः एका गाण्यासाठी घेतली, आणि हे परीक्षणही बहुतांशी त्याच गाण्याचे आहे. ते गाणे म्हणजे बँडमधील जॉर्ज हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’. ज्या गाण्यांवरून बीटल्सच्या चाहत्यांत उघड दोन तट पडले आहेत, त्यांत याचा क्रमांक बराच वरचा आहे. एका तटाला अल्बमचा प्राण याच गाण्यात दिसतो, तर रंगात आलेल्या मैफलीत कोणी मध्येच उठून प्रवचन सुरू करावे तसे हे वाटते, असे दुसऱ्या तटाचे म्हणणे आहे. एलपीची दुसरी बाजू याच गाण्याने सुरू होत असल्यामुळे रेकॉर्ड उलटल्यावर सुई थेट पुढच्या गाण्यावर टेकवणारे श्रोतेही तेव्हापासून आहेत.

माझे मत असे झाले आहे की, हा वाद गेली अनेक वर्षे प्रामुख्याने शब्दांवरून आणि व्हायोलिनांवरून घातला गेला, आणि गाण्याचा पाया ज्यांनी रचला त्या वादकांकडे त्यात पुरेसे लक्ष गेलेच नाही. या आवृत्तीच्या दुसऱ्या सीडीवर या गाण्याचा पहिला टेक, म्हणजे स्टुडिओतील पहिल्या खेपेचे मुद्रण, दिला आहे. त्यात फक्त भारतीय वाद्ये आहेत. गायन नाही आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदही नाही. तो ऐकल्यावर मूळ गाणे वेगळ्या कानांनी ऐकू येते.

हे ध्वनिमुद्रण १५ मार्च १९६७ रोजी लंडनमधील अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत झाले. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेच्या ओळखीतून आलेले भारतीय वादक साथीला होते, आणि हॅरिसनशिवाय बँडमधील कोणीही या गाण्यात वाजवलेले नाही. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर यांनी दिलरुबा, नटवर सोनी यांनी तबला आणि बुद्धदेव कंसारा यांनी तंबोरा वाजवला. मूळ वेष्टनावर या चौघांपैकी एकाचेही नाव नव्हते. गीतासाठी आणि चालीसाठी हॅरिसनचे नाव घेतले जावे हे योग्यच आहे. पण ज्यांच्या गजाने ही चाल प्रथम बोलती केली, त्यांची नावे सर्वांसमोर यायला अनेक वर्षे जावी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिल्या टेकमध्ये तंबोऱ्याच्या जोडीने दिलरुबा हलकेच वर येतो, स्वर चाचपत आलापाची दोन-तीन वळणे घेतो आणि मग तबला ठेका धरतो. दिलरुबा हे गजाने वाजवायचे, पडदे असलेले आणि तरफा (आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा) लावलेले वाद्य आहे. त्याच्या मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरण्यात, एक किंचित खरखरीत ओलावा असतो, आणि पूर्ण गाण्यात व्हायोलिनांखाली दबून जाणारा नेमका हाच पोत येथे स्वच्छ ऐकू येतो. चाल खमाज थाटाच्या स्वरांची आहे, त्यामुळे कोमल निषादाची (उतरलेल्या ‘नी’ची) ओढ आपल्या कानांना लगेच ओळखीची वाटते. गायनाच्या भागाला तीनताल आहे आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्यात झपताल येतो. सोळा मात्रांतून दहा मात्रांत होणारे हे स्थित्यंतर नटवर सोनी इतक्या सहजतेने करतात की, ताल न मोजणाऱ्या श्रोत्याला केवळ चाल बदलल्याचा भास व्हावा. लयकारीचा हव्यास नाही आणि कोठेही हात दाखवण्याची घाई नाही. गाण्याला हवी तेवढीच, पण पक्की साथ आहे.

पूर्ण गाण्यात या थरावर ३ एप्रिल रोजी आठ व्हायोलिन आणि तीन चेलो चढवण्यात आले. बीटल्सचे ध्वनिमुद्रण-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी कागदावर लिहिलेल्या स्वरलिपीतून पाश्चात्त्य वादकांकडून दिलरुब्याच्या मींडेची नक्कल करवून घेतली, ही कामगिरी मोठीच आहे. अखेरीस संपूर्ण मुद्रणाचीच गती वाढवल्यामुळे मूळ पांढरी एकमधील गाणे काळी एकमध्ये, म्हणजे पुढच्या वरच्या पट्टीत, गेले. हार्मोनियम पुढ्यात घेऊन ऐकणाऱ्याला हा अर्ध्या स्वराचा फरक सहज तपासता येईल. या चढलेल्या पट्टीमुळे हॅरिसनच्या आवाजाला जी काहीशी पातळ, दूरवरून आल्यासारखी छटा मिळाली, तीच काहींना अलौकिक वाटते आणि काहींना निर्जीव.

जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी या आवृत्तीसाठी केलेल्या नव्या मिश्रणात (मिक्समध्ये) तबल्याचा बायाँ, म्हणजे खर्जाचा डगा, भरदार झाला आहे आणि दिलरुबा व्हायोलिनांपासून वेगळा काढता येतो. जुने स्टिरिओ मिश्रण ऐकून ज्यांनी हे गाणे रटाळ ठरवले, त्यांनी एकदा तरी हे ऐकावे. मात्र शब्दांबद्दलचा आक्षेप नव्या मिश्रणानेही दूर होत नाही, आणि तो मला पूर्णपणे अमान्यही नाही. ज्यांना सत्य उमगले ते आणि ज्यांना उमगले नाही ते, अशी एक रेघ या गीतात ओढली जाते. श्रोत्याला ‘तू त्यांच्यापैकी आहेस का’ असे विचारणे मला आजही खटकते. गाणे संपताच जो हशा ऐकू येतो, तो हॅरिसनच्याच आग्रहाने घातला गेला, आणि त्याने हा उपदेश थोडा सैल होतो.

या गाण्याचा वारसा शोधायचा तर मुंबईला यावे लागते. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आला होता, आणि या गाण्याची चाल रविशंकर यांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून सुचल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येथील वादकांसह त्याने ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यभाग मुद्रित केला. ते गाणे अधिक आटोपशीर आणि अधिक सुरेल आहे, असे मला वाटते. परंतु लंडनमधील त्या प्रयोगाशिवाय ते झाले नसते. पुढे बीटल्सच्या २००६ च्या ‘लव्ह’ या अल्बममध्ये ‘विदिन यू विदाउट यू’मधील हॅरिसनचे गायन ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या त्यांच्याच गाण्याच्या ड्रमवर बसवले गेले, तेव्हा वाटेल त्या ठेक्यावर ही चाल तग धरते, हेही दिसून आले.

खरेदीबाबत एवढेच सांगतो की, निव्वळ या गाण्यासाठी घेणाऱ्याला दोन सीडींची आवृत्ती पुरेशी आहे. सहा डिस्कच्या मोठ्या संचात हॅरिसन स्वतः गाऊन वादकांना जागा समजावून देतानाचे ध्वनिमुद्रणही आहे, आणि तबला किंवा गायन शिकणाऱ्या घरात तो संच असेल तर आधी तेच लावावे.