फ्लॅट, रो-हाउस की स्वतंत्र घर: नागपुरातल्या खरेदीदाराचे परीक्षण

नागपुरात राहते घर घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबापुढे दलाल साधारण तीन गोष्टी ठेवतो: फ्लॅट स्कीममधला फ्लॅट, बेसा किंवा हुडकेश्वरच्या बाजूचे रो-हाउस, आणि जुन्या ले-आउटमधले प्लॉटवरचे स्वतंत्र घर. आमच्या कुटुंबात गुडघ्यांचा त्रास असलेले आईवडील, नोकरीवर जाणारे आम्ही दोघे आणि शाळकरी मुलगी आहे. त्या गरजेतून तिन्ही प्रकार पाहिल्यावर माझे मत असे झाले की, या शहरात घराची निवड दोन गोष्टींवर करावी: डोक्यावरचा स्लॅब आणि जमिनीचे कागद. मॉड्युलर किचन, जिम आणि प्रवेशद्वारावरचे कारंजे यांचा विचार त्यानंतर करावा.

रो-हाउस पाहताना मन लवकर भुलते. स्वतःचे फाटक, पुढे तुळशीपुरती जागा, वर गच्ची, आणि वरच्या मजल्यावर कोणी बिऱ्हाडकरू नाही. मात्र मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, रात्री साडेनऊला आम्ही एका रो-हाउसच्या वरच्या बेडरूममध्ये गेलो, तेव्हा भिंतीला लावलेला हात चटकन मागे घ्यावा लागला. दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाही उष्णता खाली सोडत होता. मधल्या रो-हाउसच्या दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असल्याने त्यांना ऊन लागत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे, परंतु त्याच कारणाने खिडक्या फक्त पुढे आणि मागे असतात. कूलरला ताजी हवा आत घेण्यासाठी एक खिडकी आणि दमट हवा बाहेर जाण्यासाठी दुसरी वाट लागते. ती नसली की जूनच्या अखेरीस खोलीत नुसता दमटपणा साचतो. शिवाय झोपायच्या खोल्या वर, स्वयंपाकघर खाली आणि मध्ये अरुंद जिना ही रचना गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोजची शिक्षा आहे.

कागदांच्या बाबतीतही रो-हाउसची चौकशी अधिक बारकाईने करावी लागते. विक्रीपत्रात स्वतंत्र प्लॉट क्रमांक आणि त्याच्या चतुःसीमा आहेत, की मोठ्या भूखंडातला केवळ अविभक्त हिस्सा आहे, हे प्रथम वाचावे. अविभक्त हिस्सा असेल तर "पुढे वर एक मजला चढवता येईल" हे विक्रेत्याचे आश्वासन एकट्याच्या हातात राहत नाही. महापालिकेच्या हद्दीबाहेर पाण्याचा प्रश्न वेगळाच. एका विकासकाने बोअरवेलचे पाणी "भरपूर" असल्याचे सांगितले. शेजारच्या ताईंनी टँकरचा हिशेब सांगितला. आम्ही ताईंवर विश्वास ठेवला.

स्वतंत्र घराचे आकर्षण मी नाकारणार नाही. जमीन आपली, झाड आपले, पुढच्या पिढीला वाढवता येईल अशी जागा आपली. पण नागपूर सुधार प्रन्यास या शहराच्या विकास संस्थेच्या अनेक ले-आउटमधले प्लॉट लीजवर आहेत, त्यामुळे लीजचे नूतनीकरण झाले आहे का आणि हस्तांतरणाची परवानगी मिळते का हे आधी पाहावे लागते. गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेल्या, ले-आउटमध्ये नियमितीकरणाचे पत्र, ज्याला इथे सगळे आरएल म्हणतात, त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नये. बँकाही कर्जाच्या वेळी तेच मागतात. आखीव पत्रिका (शहरी जमिनीचा मालकी-उतारा) किंवा सातबारा, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम ही तीन टोके जुळत नसतील, तर घर कितीही ऐसपैस असले तरी त्यापासून दूर राहावे. 23 सप्टेंबर 2023 च्या अतिवृष्टीत अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट या भागांत तळमजल्यांत पाणी शिरले होते. त्यामुळे जागा नाल्याच्या किती जवळ आहे आणि जोते रस्त्यापासून किती उंच आहे, हेही आता मोजून घ्यावे लागते.

उरला फ्लॅट. त्याचे दोष उघड आहेत: मेंटेनन्स, पार्किंगवरून होणारी कुरबूर, वरच्यांच्या बाथरूमची गळती, आणि खाली पाणी ठिबकते म्हणून कूलरवरून होणारे वाद. तरीही लिफ्ट असलेल्या इमारतीतला मधल्या मजल्यावरचा, पश्चिमेचे ऊन अंगावर न घेणारा फ्लॅट मी या तिन्हींत पहिल्या क्रमांकावर ठेवतो. डोक्यावर दुसऱ्याचे घर असल्यामुळे स्लॅब तापत नाही, हा लाभ नागपुरात वीजबिलात दिसतो. सर्वांत वरचा मजला थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी मे महिन्यात एक दुपार तिथे बसून पाहावे.

नवीन प्रकल्प महारेरावर, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदलेला असेल तर दर कार्पेट क्षेत्रफळावर (फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या जागेवर) काढून घ्यावा, आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. कायद्याने विकासकाला ती मागताच येत नाही. ताबा घेतल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात मोठा दोष आढळला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकाची असते. मात्र धरमपेठ, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा भागांत एकेका प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या लहान स्कीम, म्हणजे भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका 8 पर्यंत असल्यास, नोंदणीच्या सक्तीतून सुटतात, आणि तिथे सगळी तपासणी आपल्यालाच वकिलामार्फत करावी लागते. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारणपणे 5 टक्के, तर परवडणाऱ्या श्रेणीत 1 टक्का जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या फ्लॅटवर तो लागत नाही. याच कारणाने, आणि भिंती एक-दोन पावसाळे पाहिलेल्या असतात म्हणून, मी पुनर्विक्रीचा फ्लॅट पसंत करतो.

अशा फ्लॅटसाठी एक कागद आवर्जून मागावा: डीड ऑफ डिक्लरेशन. नागपुरातल्या बहुतेक स्कीम गृहनिर्माण संस्थेऐवजी 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली चालतात, आणि प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला हिस्सा याच कागदात टक्केवारीने लिहिलेला असतो. तो हिस्सा विक्रीपत्रातल्या आकड्याशी जुळवून पाहावा, आणि गच्ची व पार्किंग सामाईक क्षेत्रात दाखवले आहे की कोणा एकाच्या नावे, हेही त्याच बैठकीत वाचून घ्यावे.