३,१५० रुपयांची इरकल: सहा वर्षं आणि ६४ फुल्या

इचलकरंजीत घरीच माझं फॉल-पिकोचं काम चालतं, अठरा वर्षं झाली. साडी टेबलावर ठेवली की बायकांचा प्रश्न ठरलेला: "काकू, किमतीच्या मानानं बरी आहे ना? फसले तर नाही?" नव्या कोऱ्या साडीकडे बघून याचं पुरतं उत्तर देता येत नाही. चार-पाच धुण्यांनी साडी काय ते सांगते. म्हणून स्वतःच्या साड्यांचा हिशेब मी कामाच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवते. साडी नेसली की एक फुली. त्या पानावरून माझ्या इरकलीबद्दल लिहितेय.

२०१९ च्या दिवाळीत सांगलीच्या एका दुकानातून घेतली, ३,१५० रुपयांना. ताणा म्हणजे उभा धागा काळा, बाणा म्हणजे आडवा धागा हिरवा, त्यामुळे उजेडात वळली की रंग पालटतो. काठ मरून, पदर लाल-पांढरा, टोपाच्या नक्षीचा. अंग सुती, पदर रेशमी. इरकल म्हणजे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. १९५६ पर्यंत तो भाग मुंबई राज्यातच होता, आणि आपल्याकडच्या बायकांनी ही साडी कधी परकी मानली नाही. माझी आजी शेतावर जायची ती इरकल नऊवारीतच.

हातमागाची इरकल बघताना मी आधी काठ बघत नाही, रंग बघत नाही. अंग संपून पदर सुरू होतो ती रेघ बघते. अंगाचे उभे धागे सुती, पदराचे रेशमी, म्हणजे ते कुठेतरी जोडायलाच हवेत. विणकर सुती धाग्याच्या फासात रेशमी धाग्याचा फास अडकवतात, साडीच्या पूर्ण पन्ह्यात, असे हजारो. याला कोंडी म्हणतात. हा जोड प्रत्येक साडीला नव्यानं करायचा, त्यामुळे ताणाही एका साडीपुरताच लावावा लागतो. साडी उलटी करून त्या रेघेवरून अंगठा फिरवा. राजगिऱ्यासारखी बारीक खरखर लागते आणि उभ्या धाग्याचा रंग तिथेच एकदम बदलतो. माझ्या साडीला ही ओळ काठापासून काठापर्यंत अखंड आहे. दुकानात उभी राहून मी ती दोनदा चाचपली होती. किंमत कशाची द्यायची तर या ओळीची.

दुसरी साडी २०२२ ची. एका प्रदर्शनात 'प्युअर इरकल' अशी चिठ्ठी लावलेली, ७८० रुपयांना. गर्दी होती, साडी उलटी करून बघायची राहिली, ही माझी चूक. घरी फॉल लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं, अंगाचा धागा तसाच सरळ पदरात गेलाय, जोड नाहीच. पदराच्या दशीतला एक धागा काढून जाळला. सूत जळलं की कागदाचा वास येतो, रेशीम जळलं की केसांचा, आणि राख बोटात चुरते. हा धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. पॉलिस्टर. तिसऱ्या धुण्याला अंगावर गोळे आले, एप्रिलमध्ये नेसले तर पाठीला घामानं चिकटली. वहीत तिच्या नावापुढे पाच फुल्या आहेत. सहावी पडणार नाही.

मी यंत्रमागाच्या विरोधात नाही, हे इथे सांगायलाच हवं. आमचं गावच मागाचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. माझ्या वडिलांचं आयुष्य मागावर गेलं, त्या खडखडाटातच आम्ही अभ्यास केला. इथलं पॉपलीन, केंब्रिक मी डोळे मिटून घेते, परकर आणि अस्तर त्याचंच लावते, आणि दामाच्या मानानं ते चोख असतं. पॉलिस्टरला इरकल म्हणून विकलं की मात्र जीव जळतो. त्यात घेणारीही फसते आणि कोंडी करणाऱ्याचं कामही मातीमोल होतं.

आता हिशेब. इरकल ३,१५०, फॉल-पिको १२० (घरचं काम असलं तरी मजुरी धरली), खणाचा ब्लाउज कापड-शिलाईसह ६५०. एकूण ३,९२०. फुल्या ६४. म्हणजे एका नेसण्याला ६१ रुपये. दुसरी ७८० अधिक फॉल-पिको १२०, म्हणजे ९००. ब्लाउज तोच वापरला. पाच वेळा नेसली, एका नेसण्याला १८० रुपये. शिवाय सुती अंग जुनं झालं की त्याची गोधडी होते, पॉलिस्टरची तेवढीही ऊब नाही.

इरकलीत खोट नाही असं नाही. पहिल्या दोन धुण्यांना काठाचा रंग सुटला. गार पाण्यात वेगळी धुतली म्हणून अंग वाचलं. पहिलं वर्षभर निऱ्या ताठ राहायच्या, पोत मऊ व्हायला वेळ लागला. आणि चौथ्या वर्षी पदराला पिन लावताना ती नेमकी कोंडीवर लागली, तीन-चार फास तुटून करंगळीच्या नखाएवढी फट पडली. भिंग लावून, एकेरी रेशमी धाग्यानं मी ती सांधली, अख्खी दुपार गेली. आता उलट्या बाजूनं बघितलं तरच दिसते. तेव्हापासून पिन पदराच्या जोडावर नाही, चार बोटं सोडून खाली, सुती अंगात लावते. कपाटातही साडी जोडावर घडी येईल अशी ठेवत नाही.

घडी मोडून मशीनमध्ये टाकणार असाल तर ही साडी घेऊ नका, पैसे वाया जातील. वर्षातून एकदाच नेसणार असाल तरीही माझ्या हिशेबात ती बसत नाही. पण शाळा, ऑफिस, हळदीकुंकू असं महिन्याला एकदा तरी नेसणं होत असेल तर घ्या. दुकानदार समोर पदर पसरून दाखवेल, तेव्हा साडी त्याच्या हातातून घेऊन उलटी करा आणि आधी ती रेघ चाचपा.