ब्रत्तान्यची कोरीव ओकची पेटी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीतील एका रात्री दिवाणखान्यात वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. सकाळी पाहिले, तर पेटीच्या दर्शनी भागातील मधली फळी वरपासून खालपर्यंत तडकली होती. कंपासने आखून कोरलेल्या फुलाचे उभे दोन भाग झाले होते आणि फटीतून आत ठेवलेल्या मलमलीची पांढरी रेघ दिसत होती. गेल्या जूनमध्ये फ्रान्सच्या ब्रत्तान्य प्रांतातील रेन शहरातल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानातून ४२० युरो मोजून ही पेटी घेतली होती, आणि त्यानंतरचे सात महिने मी तिच्याविषयी फक्त चांगलेच बोलत होते.

पहिला दोष मी हीटरला दिला. उन्हाळ्यात साठ टक्क्यांच्या आसपास असलेली घरातील आर्द्रता डिसेंबरात पस्तिसापर्यंत उतरली होती, त्यामुळे लाकूड आकसणारच, असे मी धरून चालले होते. ही समजूत अपुरी होती, हे सुताराने पेटी पाहिल्यावर कळले. त्यांनी शेजारची फळी अंगठ्याने दाबून दाखवली. ती आपल्या खाचेत किंचित सरकली. मधली मात्र जागची हलेना. खाचेच्या कडेला नखाने खरवडल्यावर वाळलेल्या पांढऱ्या डिंकाचा पापुद्रा निघाला.

मला सर्वांत जास्त लिहायचे आहे ते या डिंकाविषयीच. अशा पेटीची चौकट कुसू, म्हणजे लाकडाचे कोरून बारीक केलेले टोक, आणि ते ज्यात बसते ते भोक यांच्या जोडाने उभी राहते. जोडात लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि कुसवातील खुंटीचे भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडलेले असल्यामुळे खुंटी आत जाताना जोड आपोआप घट्ट ओढला जातो. फळ्या मात्र चौकटीच्या खाचेत मोकळ्याच बसवतात, कारण चाळीस सेंटिमीटर रुंदीची ओकची फळी दमट आणि कोरड्या ऋतूंमध्ये तीन-चार मिलिमीटर फुगते किंवा आकसते, आणि तेवढी जागा तिला लागतेच. पूर्वी कोणीतरी फळी खुळखुळते म्हणून खाचेत डिंक ओतला आणि तिची हालचालच बंद केली. हे काम ज्याने केले, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जुनी पेटी घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन की नक्षी नंतर पाहा, आधी प्रत्येक फळी दाबून पाहा.

दुकानदाराचे म्हणणे असे की जुने लाकूड तडकतेच. फ्रान्समध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या वस्तूतील दोष १२ महिन्यांच्या आत दिसला, तर तो विक्रीच्या वेळीही होता असे कायदा गृहीत धरतो. हे मी पोचपावतीच्या पत्राने कळवले. शिवाय बिलावर ‘अठरावे शतक’ असे स्पष्ट लिहिले होते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूस गोल करवतीच्या कमानदार रेघा होत्या. अशी करवत नंतरच्या काळात रुळली, म्हणजे झाकण नंतरचे होते. वस्तूचा काही भाग नंतरच्या काळातील असेल, तर ग्राहकाला तसे सांगणे १९८१ च्या आदेशानुसार बंधनकारक आहे. तीन पत्रांनंतर दुरुस्तीच्या १६० युरोंपैकी निम्मे त्यांनी दिले. माझ्या हिशेबाने सगळेच द्यायला हवे होते.

दुरुस्तीत खुंट्या आतून ठोकून काढल्या आणि खाच साफ केली. तड सरसाने जोडली, कारण सरस गरम पाण्याने पुन्हा सोडवता येतो, आणि फळी डिंकाशिवाय परत बसवली.

कपड्यांविषयीही माझे मत बदलले आहे. पहिल्या महिन्यात आईचे पांढरे उपरणे मी तळाच्या फळीवर तसेच ठेवले होते. तेथे लोखंडी खिळ्याचे डोके होते आणि दमट दिवसांत कापडावर निळसर काळा डाग पडला. ओकमधील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की हेच होते, जसा आपल्याकडे हिरडा आणि लोखंड यांपासून काळा रंग करतात. डाग अजून निघालेला नाही. आता तळाशी आणि बाजूंना धुवट मलमल असते आणि पैठण्या त्यात गुंडाळलेल्या असतात.

आतील डाव्या कोपऱ्यातला, स्वतःचे झाकण असलेला छोटा कप्पा, ज्याला येथे शेत्रों म्हणतात, मला सुरुवातीला जागा अडवणारा वाटला होता. पेटी दुरुस्त होऊन आल्यावर लक्षात आले की त्याचे झाकण उभे केले, की पेटीचे जड झाकण त्यावर टेकून राहते आणि दोन्ही हात मोकळे होतात. सात महिने मी एका हाताने झाकण पेलून दुसऱ्या हाताने साड्या काढत होते. आता या कप्प्यात आजीची नथ आणि मंगळागौरीचे फोटो आहेत.

किडीची भोके पायांना आहेत, पण ताजा भुसा पडत नाही. दर पंधरा दिवसांनी मी खाली काळा कागद पसरून पाहते. मग मधली फळी अंगठ्याने दाबते. ती डावीकडे जराशी सरकते आणि बारीक खुळखुळ ऐकू येते.