मायक्रोप्रोसेसर गुडघा : दादाला बसवलाय, कसा आहे ते लिहितेय

दादा सैन्यात होता, सुरुंगात उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. इतकी वर्षं साधा मेकॅनिकल गुडघा होता, आता मायक्रोप्रोसेसरवाला बसवलाय. बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण तुमचं वजन, स्टंपची (म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची) लांबी, तुम्ही किती चालता यावर कुठला चालेल ते ठरतं आणि ते प्रोस्थेटिस्टच, म्हणजे कृत्रिम पाय बसवणारा तज्ज्ञच सांगणार.

आधी एक क्लिअर करते, यात पाय ढकलणारी मोटर नाहीये. लोकांना वाटतं रोबोटचा पाय आहे, आपोआप चालेल, तसं काही नसतं. आत सेन्सर आहेत, ते गुडघा किती वाकलाय आणि पायावर किती भार आलाय हे सतत मोजतात आणि त्याप्रमाणे आतला छोटासा कॉम्प्युटर, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, तेलाचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडून गुडघा कडक धरायचा की सैल सोडायचा ते ठरवतो. १९९७ मध्ये ऑटोबॉक कंपनीचा सी-लेग हा असा गुडघा आला तेव्हापासून मूळ कल्पना हीच, तो पण सेकंदाला ५० वेळा मोजायचा. थोडक्यात हा गुडघा ब्रेक मारतो, ढकलत नाही. त्यामुळे जिना उतरताना एकाआड एक पाय टाकत उतरता येतं, पण चढताना चांगला पाय आधी आणि हा मागून ओढून घ्यायचा, जुन्यासारखंच. मोटरवाले गुडघे असतात पण ते वेगळं प्रकरण.

अडखळल्यावर मात्र फरक लगेच कळतो. जुना गुडघा ठेच लागली की दुमडायचा आणि दादा आडवा. हा तिथल्या तिथे कडक होतो, सावरायला वेळ मिळतो. अर्थात त्यावर भार टाकायची हिंमत यायला वेळ लागतो, फिजिओनं दादाकडून उतारावर मुद्दाम कृत्रिम पायावर वजन टाकून उतरायची प्रॅक्टिस करून घेतली आणि दादा दर वेळी शिव्या घालत करायचा.

पण मी रिव्ह्यू लिहायला बसले ते यासाठी नाही. दादाला पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनावर राहणारा आघाताचा आजार, पण आहे. गर्दीत गेला की दार कुठंय, मागे कोण उभंय, कोणाच्या हातात काय आहे हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आणि जुना पाय असा की प्रत्येक पाऊल जमिनीकडे बघून टाकायचं. डोकं म्हणतंय वर बघ, पाय म्हणतोय खाली बघ, दोन मिनिटांत माणूस घामाघूम. मग बाहेर जायलाच नको. हॉस्पिटलात पायाची फाइल वेगळी, मनाची वेगळी, त्यामुळे हे दोन्ही एकमेकांत अडकलंय हे कोणी विचारलंच नाही. नवा गुडघा आल्यावर पहिला बदल दिसला तो मानेत. मान वर. आता तो आजूबाजूला बघत बघत चालतो, हवं तिथे थांबतो, आणि म्हणून बाहेर पडतो. पीटीएसडी गेला का, तर नाही, स्वप्नं पडतातच, औषध आणि थेरपी चालूच आहे. फक्त बाहेर जाणं हे रोजचं युद्ध राहिलं नाही.

आता वैताग. बॅटरी संपत आली की गुडघा थरथरतो आणि बीप करतो. सुरुंगात पाय गेलेल्या माणसाला त्याच पायात अचानक थरथर जाणवली तर काय होत असेल विचार करा! पहिल्यांदा झालं तेव्हा दादा भर रांगेतून ताडकन बाजूला होऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला, नंतर अर्धा तास हात कापत होते. बनवणाऱ्यांनी हे डोक्यात घेतलेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज प्रोस्थेटिस्टनं कमी करून दिला, थरथर आमच्या मॉडेलला पूर्ण बंद होत नाही. उपाय एकच, रोज रात्री न चुकता चार्जिंग. बॅटरी पूर्ण उतरली तर गुडघा ताठ होतो, पडत नाही तुम्ही, पण चालणं अवघड.

दुसरं म्हणजे सॉकेट, स्टंप ज्यात घालतात तो कृत्रिम पायाचा वरचा साचा. गुडघा कितीही भारी घ्या, सॉकेट नीट बसलं नसेल तर तो कोपऱ्यात पडून राहणार. स्टंप दिवसभरात बारीक होतो, मग स्टंपवर मोजे चढवा, लायनरमध्ये (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात) घाम, कातडी सोलणं, हे सगळं नव्या पायात पण आहेच. पैसे आणि वेळ दोन्ही आधी सॉकेटवर घालवा.

फँटम पेनला, म्हणजे नसलेल्या अवयवात होणाऱ्या वेदनेला, गुडघ्यानं काही फरक पडला नाही, नसलेल्या पावलाची बोटं अजून आवळतात. त्यासाठी आरसा जास्त उपयोगी ठरला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. ऐकायला जादूटोणा वाटतो पण २००७ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड या लष्करी हॉस्पिटलात याचा अभ्यास झाला होता, गट छोटा होता पण आरसा वापरणाऱ्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं. रात्रीच्या स्वप्नांसाठी नाइटवेअर म्हणून एक सिस्टिम आहे, घड्याळ हृदयाचे ठोके आणि हालचाल बघून वाईट स्वप्न ओळखतं आणि झोप न मोडता हलकंसं थरथरतं, त्याला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) २०२० मध्ये परवानगी दिली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. दादाला विचारलं तर म्हणाला, अजून एक थरथरणारी वस्तू अंगावर नको. पीटीएसडी कोच हे फुकट अ‍ॅप मात्र तो वापरतो, तेही फक्त श्वासाच्या व्यायामासाठी, आणि तेही आम्ही कोणी बघत नसताना.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या थरथरीचा. ट्रायल मागाच, आणि हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर नाही तर बाहेर, उतारावर, गर्दीत चालून बघायला मिळेल का ते विचारा. आणि बॅटरीचा अलर्ट कसा वाजतो ते तिथेच बसल्या बसल्या वाजवून दाखवायला सांगा.