नॅनो लिहायची की ‘अबक कंपनी’?

ठाण्यात नौपाड्याला बारावी कॉमर्सची शिकवणी घेतो. परीक्षा जवळ आली की हा प्रश्न येतोच: वाणिज्य संघटन व व्यवस्थापनाच्या मोठ्या उत्तरात खऱ्या कंपनीचं उदाहरण द्यायचं की मनानं रचलेलं?

उद्योजकता, विपणन, ग्राहक संरक्षण असेल तर माझं मत खऱ्याला. लिज्जतचं बघा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. एका ओळीत भांडवलही आलं, संघटनही. मॅगीवर जून २०१५ मध्ये बंदी आली, नोव्हेंबरात ती पुन्हा दुकानात दिसली. ग्राहक संरक्षणाला एवढं पुरे. नॅनोची गंमत वेगळी. २००९ मध्ये लाखाच्या आसपास किमतीत आली, २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. किंमत हेच बलस्थान, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच नडला. पुढे रतन टाटांनीही तसं बोलून दाखवलं. अशा ठिकाणी तुम्हाला स्वतःचं मत मांडायला जागा मिळते.

मुलांच्या ‘अबक कंपनी’त नेमकी तीच जागा नसते. ‘अबकने नीट नियोजन केले व नफा वाढला.’ झालं! रचलेल्या कंपन्या कधी बुडतच नाहीत.

मात्र फेयॉल या व्यवस्थापन-तज्ज्ञाच्या तत्त्वांवर (अधिकार, जबाबदारी वगैरे) प्रश्न आला की खरी नावं अडतात, कारण मोठ्या कंपनीत आत कोण कोणाला विचारून सही करतो ते आपल्याला कुठून कळणार? तिथं दुकान रचा. गोखले रोडवरचा फरसाणवाला वागळे इस्टेटला दुसरी शाखा काढतो. ती पुतण्याकडे सोपवतो, पण खरेदीची सही स्वतःकडेच ठेवतो. ऐन दिवाळीत तेल संपतं, काका गावाला, तळण बंद. जबाबदारी दिली, अधिकार दिला नाही. बोर्डही ‘घटनेचा अभ्यास करून मत लिहा’ या प्रश्नात कल्पित माणसंच आणतं, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. सुरुवातीला ‘समजा’ लिहा, म्हणजे झालं.

नको ती खिचडी: नाव खरं, आकडा मनाचा. सराव पेपरात एकानं अमूलची विक्री वर्षात तिप्पट केली होती. अमूलच्या आणंदला कळतं तर पेढे वाटले असते! आकडा आठवत नसेल तर गाळा. साल डळमळीत असेल तर तेही गाळा. मग खऱ्या नावापाशी सांगण्यासारखं काही उरत नसेल, तर फरसाणवाला आहेच.